गुपिताचे दान आणि गुपिताचे मोल

२६ व २९ मे १९९९ या दोन दिवशी पाकिस्तानचे तत्कालीन लष्करप्रमुख परवेझ मुशर्रफ बीजिंगमध्ये होते आणि त्यांचे निकटचे सहकारी जनरल महंमद अझीज रावळपिंडीत. या दोघांचे दूरध्वनी-संभाषण ‘रॉ’ने टिपले. घुसखोरांची मानगूट आपल्याच हातात आहे, अशा आशयाची ग्वाही अझीज आपल्या सेनाप्रमुखाला देत होते. कारगिलच्या शिखरांवर ‘मुजाहिदीन’ आहेत, आमचा त्यांच्याशी संबंध नाही, हा पाकिस्तानचा कांगावा त्या एका संभाषणाने उघडा पडला. ती ध्वनिफीत आधी नवाझ शरीफ यांच्यापर्यंत पोहोचविण्यात आली. पुढे ११ जूनला, सरताज अझीज दिल्लीत दाखल होण्याच्या आदल्याच दिवशी, परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह यांनी ती जगापुढे ठेवली. त्याच महिन्यात कोलोन येथे जमलेल्या जी-८ राष्ट्रांनी घुसखोरीची निर्भर्त्सना केली. त्याचे सारे श्रेय ध्वनिफितीला देणे भाबडेपणाचे ठरेल. सीमेवर रक्त सांडणाऱ्या जवानांचा पराक्रम त्यामागे होताच. परंतु राजनैतिक आघाडीवर भारताचा शब्द खरा ठरला, हे नाकारता येणार नाही.

या यशाची किंमत किती, हा प्रश्न मात्र मागे उरला. ‘रॉ’मध्ये सेवा बजावलेले निवृत्त मेजर जनरल व्ही. के. सिंग यांनी २००७ मध्ये आपल्या पुस्तकात या निर्णयावर टीका केली. आपले कोणते संभाषण ऐकले जाते, हे शत्रूला कळले आणि माहितीचा एक मोलाचा मार्ग बंद झाला, असा त्यांचा आक्षेप होता. आमच्या मते युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत तो निर्णय योग्यच होता. मार्ग राखून ठेवायचा तो अशाच प्रसंगासाठी. तथापि आक्षेप पोकळ नाही. गुप्त माहिती एकदा दिली की परत घेता येत नाही. माहितीपेक्षा ती कशी मिळाली हे गुपित पुष्कळदा अधिक मौल्यवान असते, आणि जेथे स्रोत माणूस असतो तेथे प्रश्न त्याच्या प्राणाचा असतो.

इंग्रजांना हे भान होते. १९१७ च्या जानेवारीत त्यांनी जर्मनीची झिमरमन तार उलगडली. अमेरिकेला ती दाखविणे अगत्याचे होते, पण अमेरिकेच्याच तारमार्गावर आपला कान आहे हे कळू देणे परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी मेक्सिकोतील तारकचेरीतून तिची दुसरी प्रत पैदा केली आणि ती पुढे केली. मित्राला सत्य सांगितले, पण आपले साधन झाकून ठेवले.

आपल्याकडे याच्या उलट अनुभव मुंबईवरील हल्ल्यानंतर आला. ५ जानेवारी २००९ रोजी भारताने पाकिस्तानला पुराव्यांची संचिका दिली आणि मित्रराष्ट्रांनाही तो तपशील दाखविला. हल्लेखोर व त्यांचे सूत्रधार यांच्यातील संभाषणांचे उतारे तीत होते. त्या उताऱ्यांनी जगाचे मत वळले. १२ फेब्रुवारीला पाकिस्तानने कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचे मान्य केले आणि त्याच श्वासात तीस प्रश्न भारताच्या हाती ठेवले! जो न्यायासाठी पुरावा मागत नाही, त्याला दिलेला पुरावा फक्त आपली साधने ओळखण्याच्या कामी येतो. आवाजाचे नमुने द्या, ही भारताची मागणी कधीच पुरी झाली नाही. झकीउर रहमान लखवी २०१५ मध्ये तुरुंगाबाहेर आला.

मित्रांचे औदार्यही तपासून घ्यावे असेच आहे. डेव्हिड हेडलीविषयी त्याच्या निकटवर्तीयांनी अमेरिकी यंत्रणांना आधीच सावध केले होते. भारताच्या तपास अधिकाऱ्यांना मात्र त्याची प्रत्यक्ष चौकशी करता आली ती जून २०१० मध्ये, १६६ निरपराध जीव गेल्यानंतर. देवाणघेवाणीत कोण किती राखून ठेवतो, हे यावरून कळावे.

अमेरिकेशी २००२ मध्ये लष्करी माहितीच्या सुरक्षेचा, २०१८ मध्ये संपर्कयंत्रणेचा आणि २०२० मध्ये भूस्थानिक माहितीचा करार झाला. माहितीचा ओघ वाढला आहे व वाढणार आहे. परदेशाकडून विश्वासाने आलेली माहिती माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ ने झाकली आहे. आपली माहिती बाहेर देताना ती कोणी, कोणत्या कसोटीवर पारखावी, हे मात्र संसदेच्या कोणत्याही कायद्याने सांगितलेले नाही. आपल्या गुप्तचर संस्थांनाच जेथे संसदेच्या स्वतंत्र कायद्याचा आधार नाही, तेथे ही अपेक्षा कोणी कोणाकडून करावी? प्रसंग ओढवला की त्या वेळच्या सत्ताधाऱ्यांचा विवेक कामी येतो. तो १९९९ मध्ये कामी आला.

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयात याकरिता एक कायम मंडळ असावे. माहिती मिळविणारी संस्था, परराष्ट्र खाते आणि सेनादले यांचा प्रत्येकी एक जाणता अधिकारी त्यात बसावा. काय दिले, कोणाला दिले, स्रोत कसा झाकला आणि पुढे त्या स्रोताचे काय झाले, याची नोंद राहावी. आणि माहिती मिळविणाऱ्या संस्थेचा नकार डावलायचा असेल, तर तो पंतप्रधानांच्या स्वाक्षरीनेच डावलला जावा.