पायांखालची जमीन

दिवाळीच्या सुट्टीत कोठे जायचे हा प्रश्न आमच्या घरी दरवर्षी वसुबारसेला सुरू होतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत टिकतो. तोवर सुट्टी संपलेली असते, त्यामुळे निर्णयाची जबाबदारी कोणावर येत नाही. यंदा मात्र नवरात्रातच आमच्या मंडळींनी भातावर वरण वाढता वाढता जाहीर केले, “भाऊबीज झाली की मी खोपोलीला जाऊन नायट्रोत बसणार आहे.”

ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षांचे मूल नाही अशा वाचकांनी नायट्रो हे खत समजू नये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका नावाचे मोठे करमणूक उद्यान सुरू झाले, त्यातली ही रोलर कोस्टर. साखळीने सुमारे १३० फूट वर ओढून न्यायचे, तेथून सोडून द्यायचे आणि मग माणसाला पाच वेळा उलटे करून परत आणायचे, असा तिचा एकंदर कार्यक्रम. बांधणारी कंपनी स्वित्झर्लंडची. घड्याळे करणाऱ्या देशाला हा उद्योग का सुचावा, कोण जाणे! शिवाय या गाडीला तळ नाही. माणसे बसली, खांद्यांवरचे अडसर बंद झाले, की गाडी सुटण्यापूर्वी पायांखालचा फलाट दूर होतो. पायांखालची जमीन सरकणे हा वाक्प्रचार आम्ही आजवर फुकट वापरत आलो. तेथे तो तिकीट काढून अनुभवावा लागतो.

बातमी फोनवरून पुण्याला पोचली. “आई, या वयात?” असे लेकीने विचारले. जावईबापूंनी मेडिक्लेमची पॉलिसी केव्हा संपते याची चौकशी केली. शेजारच्या वहिनींनी मला जिन्यात गाठून हळूच विचारले, “निवृत्त झाल्यापासून त्यांना घरात करमत नाही का हो?” आनंद झाला तो फक्त नातवाला. त्याने आजीला आपल्या शेजारची जागा तत्काळ देऊन टाकली.

सौभाग्यवतींचे वय अठ्ठावन्न. मे महिन्यात त्या शाळेतून निवृत्त झाल्या. तेहतीस वर्षे त्यांनी नववीच्या मुलांना स्थितिज ऊर्जा आणि गतिज ऊर्जा शिकवली. दरवर्षी फळ्यावर खडूने डोंगर काढायचा, डोंगरावर गाडी काढायची आणि विचारायचे, “सांगा, वरच्या टोकाला कोणती ऊर्जा जास्त?” तेहतीस वर्षे ती गाडी फळ्यावरच्या त्या टोकाला उभी आहे. तास संपला की डस्टरने पुसली जायची.

त्या रात्री वाण्याच्या यादीच्या पाठीवर त्यांनी मला हिशेब करून दाखवला. १३० फूट म्हणजे साधारण ४० मीटर. दोन गुणिले ९.८ गुणिले ४० म्हणजे ७८४. त्याचे वर्गमूळ बरोबर २८. सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर. “आणि यात वजन कोठे येतच नाही,” त्या म्हणाल्या. “घर्षण सोडले तर तुम्ही बसा नाहीतर नातू बसो, वेग तोच.” माझ्या पोटाकडे त्यांनी त्या वेळी पाहिले, ते केवळ उदाहरणादाखल असावे.

या खुळाचा इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे. १८८४ साली थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला अशी गाडी सुरू केली. वेग ताशी सहा मैल, भाडे पाच सेंट. सायकलवाला पोरगा सहज मागे टाकील असा तो वेग, पण लोकांनी रांगा लावल्या. १८९५ साली तेथेच गाडीला पूर्ण उलटा फेरा देण्याचा प्रयोग झाला. त्यात फेरा बांगडीसारखा गोल ठेवला आणि लोकांच्या माना आखडल्या. खालून भरधाव आलेली गाडी एकदम गोलात शिरली की सगळा धक्का मानेवर येतो. मान सांभाळणारा फेरा १९७६ साली कॅलिफोर्नियात आला. वर अरुंद, खाली ऐसपैस. खाली वेग जास्त तेथे वळण सैल, वर वेग कमी तेथे वळण आवळ. हे सांगताना सौभाग्यवतींनी नातवाची प्लॅस्टिकची बांगडी (गणेशोत्सवात राधा झाला होता तो) दोन्ही बाजूंनी दाबून दाखवली. मोटेची दोरी कशी चालते ते कळायला मला तीन यत्ता लागल्या होत्या, हे मात्र एका मिनिटात समजले.

मग डॉक्टर. हृदय, रक्तदाब, मान, पाठ यांपैकी एकाची जरी तक्रार असेल तर या वाटेला जाऊ नये, हे ते ठासून सांगत होते आणि बोलताना माझ्याकडेच बघत होते. माझा रक्तदाब, माझी मान. सौभाग्यवतींची सगळी तपासणी झाली आणि त्या उत्तीर्ण झाल्या. मी नापास. दवाखान्यात बसलेल्या आमच्या एका मूतखडेवाल्या मित्राने अधिक माहिती पुरवली. अमेरिकेत २०१६ साली दोघा डॉक्टरांनी मूत्रपिंडाची कृत्रिम प्रतिकृती खड्यांसह डिस्नेच्या अशाच एका गाडीत फिरवली. मागच्या जागांवर शंभरातले चौसष्ट खडे सुटले, पुढच्या जागांवर सतराच. मित्र आता आमच्याबरोबर येण्याचे मनात घोळवत आहेत. ती गाडी कोणाला उलटे करीत नाही, हे त्यांना अद्याप कोणी सांगितलेले नाही.

जागेचा प्रश्न घरातही पेटला आहे. नातवाला पहिली रांग हवी, समोर काही नको म्हणून. आजीला शेवटची. पुढचा डबा टोकावरून उतरू लागतो तेव्हा गाडीचा बराच भाग अजून चढावर असतो, त्यामुळे तो क्षणभर रेंगाळतो. शेवटचा डबा टोकाला येईपर्यंत गाडीने वेग घेतलेला असतो आणि त्याला खस्सकन खाली खेचले जाते. “मला ते खेचणे बघायचे आहे,” असे त्यांचे म्हणणे. एकदा मागे, एकदा पुढे, असा तह झाला आहे. दुसऱ्या फेरीचे पहिलीनंतर बघू.

पंजाबी ड्रेस आला. मंगळसूत्र काढून ठेवायचे की आत घालायचे यावर शेजारी दोन मते पडली. लेकीचे फोन मात्र चालूच होते. पाठ, मान, चक्कर सगळे विचारून झाल्यावर परवा तिने शेवटचा प्रश्न टाकला, “आई, पण मग खाली सामानापाशी कोण थांबणार?”

फोन स्पीकरवर होता. घरात कोणी काही बोलले नाही. भिंतीवर १९९६ सालचा एक फोटो आहे. गोराईच्या एस्सेलवर्ल्डचा. ते उद्यान आता बंद झाले आहे. फोटोत आम्ही सातजण पाळण्याच्या रांगेत दात काढून उभे आहोत. कोपऱ्यात बाकावर सौभाग्यवती. मांडीवर तीन पर्सेस, दोन डबे, एक छत्री, आणि पायांशी चपलांची रांग. माहीमच्या उरुसातला आकाशपाळणा असो की चौपाटीवरचे मेरी-गो-राउंड, त्या बाकाचा पत्ता तेवढा बदलत असे.

“मी थांबणार,” मी म्हणालो. लेक थोडी थांबली. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही पर्स विसराल.”

म्हणून आमची तालीम चालली आहे. पर्स खांद्याला, हातात नाही. चष्मा घरात, आणि घर पर्समध्ये. मंगळसूत्र बटणाच्या खिशात, बटण लावून. पाय मोकळे लोंबणार, तेव्हा चपला खालीच राहणार. त्यांच्यासाठी जुन्या परकराची वेगळी पिशवी शिवून झाली आहे. उभे राहायचे ते कठड्याशी, चहाच्या दुकानापाशी नाही. आणि मान दुखली तरी वर बघायचे, मोबाईलमध्ये डोके घालायचे नाही, पाच उलटे फेरे मोजायचे.

“मोजायचे कशाला? पाच आहेत हे ठाऊकच आहे,” मी म्हणालो.

“परीक्षेत उत्तर पाठीमागे छापलेले असले तरी गणित करून दाखवावे लागते,” बाई म्हणाल्या, आणि चपलांची पिशवी माझ्या हातात दिली.