शहानूरचे पाणी आणि सहलीची हौस

राजधानीस मोकळी हवा मिळावी म्हणून बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान राखले गेले, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. विहार (१८६०) व तुळशी (१८७९) ही तळी मुंबईची तहान भागविण्यासाठी बांधली गेली. त्यांत उतरणारे पाणी निर्मळ राहावे म्हणून भोवतालच्या टेकड्यांवरील रान राखणे भाग पडले. सहलीचा आनंद मागाहून आला.

हे स्मरण्याचे कारण आमच्या दाराशीच आहे. गाविलगडच्या डोंगरांतून उतरणाऱ्या शहानूर नदीवरील धरणाचे पाणी अंजनगाव सुर्जी व दर्यापूरच्या घरांत जाते. त्या डोंगरांवर १९७४ पासूनचा मेळघाट व्याघ्रप्रकल्प आहे. १८०३ मधील शिंदे-इंग्रज तहाने अंजनगावचे नाव इतिहासात गेले खरे. पण आमच्या मते गावाचे वैभव त्या कागदात नाही, या पाण्यात आहे. पानमळे जोपासणाऱ्या गावास पाण्याचे मोल आम्ही काय सांगावे!

धरणावर सहलीस जाऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. शहरवासीयांस हिरवाई हवीच. मात्र रविवारी जो काठावर मोटार धुतो आणि उष्टे व प्लॅस्टिक तेथेच टाकून परततो, तो सोमवारी तेच पाणी पितो. म्हणून नगरपरिषद, जलसंपदा विभाग व वनखाते यांनी एकत्र बसून हद्द आखावी. चुली, वाहनतळ व उपाहारगृहे धरणाच्या भिंतीखालच्या अंगास असावीत. वरच्या काठावर केवळ पायी जाणाऱ्यास वाट असावी.