तंबूंची सावली

हजहून परतलेली आपली माणसे जेद्दाच्या विमानतळावरच्या पांढऱ्या तंबूंविषयी हमखास सांगतात. भर उन्हात हाजींवर सावली धरणारे असे 210 तंबू तिथे आहेत. ते उभारणाऱ्या इंजिनिअरांत मरहूम फजलूर रहमान खान होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

खानसाहेबांचा जन्म 1929 चा, ढाक्याचा. शिकागोच्या 110 मजली सिअर्स टॉवरचा सांगाडा त्यांनी आखला. नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना बांधल्या, म्हणजे वाऱ्याचा जोर सगळ्या मिळून पेलतील. आम्हाला तर त्यात भरलेले घरच दिसते.

27 मार्च 1982 रोजी, वयाच्या 52 व्या वर्षी, घरापासून दूर जेद्दातच त्यांचा इंतकाल झाला. पण त्यांचे काम त्यांच्या घरात परके राहिले नव्हते. मुलगी यास्मिन त्याच शाखेची इंजिनिअर झाली आणि वडिलांच्या कामावर तिने पुस्तक लिहिले.

आमचे अब्बा डबा घेऊन जातात, तिथे नेमके काय करतात, हे आपल्या किती मुलामुलींना सांगता येईल? आज दस्तरखानावर बसल्यावर तेवढे बोलू या. बाप गेल्यावर विचारायचे कुणाला?

अल्लाह मरहूमांची मगफिरत करो. आमीन.