आधी गट, मग मोजणी

गेल्या वर्षी आमच्या ग्रंथालय समितीपुढे प्रश्न आला : कोणत्या भाषेची पुस्तके किती वाचली जातात? खरेदीचे पैसे त्या प्रमाणात वाटायचे होते. संगणकाचे थोडेफार जाणतो, म्हणून काम माझ्याकडे आले. देवघेवीची प्रत्येक नोंद ही तक्त्यातली एक ओळ. 'ग्रुप बाय'ने भाषावार गट पाडायचे आणि 'काउंट'ने मोजायचे. क्षणात उत्तर मिळाले. इंग्रजी पुढे, मराठी-कन्नड फार मागे. शेवटी एक बिननावाचा गट होता, त्याच्यापुढे शून्य. ते शून्य खोडून मी कागद समितीला दिला.

ग्रंथपाल मात्र म्हणाले, "सर, देणगीतली मराठी-कन्नड पुस्तकं मुलं रोज नेतात. ती यात कुठं आहेत?"

तेव्हा माझी चूक ध्यानात आली. त्या पुस्तकांच्या भाषेचा रकाना कोणी भरलाच नव्हता, आणि मी 'काउंट'ला नेमका तोच रकाना मोजायला सांगितले होते. रिकामा रकाना तो मोजत नाही. कंसात रकान्याच्या नावाऐवजी तारांकन घातले, तेव्हा त्याने ओळी मोजल्या आणि शून्याच्या जागी शेकड्यांनी नोंदी उभ्या राहिल्या. शिवाय 'कन्नड' आणि 'कानडी' असे दोन वेगळे गट पडले होते. यंत्र अक्षरे ओळखते, भाषा नव्हे. संस्कृतचे तर नावही नव्हते. ज्याची एकही ओळ नाही, त्याचा गटच पडत नाही. ते शून्य दिसायला हवे, तर भाषांची वेगळी यादी घेऊन तिला देवघेव जोडावी लागते. मी कागद बदलून दिला, पण तोवर खरेदीची यादी निघून गेली होती.

ही गोष्ट एका ग्रंथालयापुरती नाही. २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावे १९,५६९ भरली. छाननीनंतर १,३६९ मातृभाषा ठरल्या, आणि देशात दहा हजार किंवा अधिक लोक बोलतात त्या मातृभाषांचे गट करून १२१ भाषा झाल्या. हिंदीच्या ५२.८३ कोटींत भोजपुरीचे सुमारे ५ कोटी धरलेले आहेत. ते योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो, आणि व्हावाही. पण कोणत्या भाषेखाली कोणत्या मातृभाषा घातल्या, हे जनगणनेचे तक्ते छापून सांगतात. म्हणूनच तो वाद घालता येतो. माझ्या कागदावर तेवढेही नव्हते.

म्हणून विद्यार्थीमित्रांना आणि सहकारी प्राध्यापकांना माझे सांगणे एवढेच, की बैठकीत कोणी आकड्यांचा तक्ता पुढे केला तर तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. गट कोणी व कसे पाडले? रिकाम्या नोंदींचे काय केले? आणि ज्यांचे शून्य आले, ते कुठे आहेत? मोजण्यात यंत्र सहसा चुकत नाही. काय मोजायचे हे सांगताना मात्र माझ्यासारखा माणूस चुकतो, आणि त्याची किंमत तक्त्यात ज्यांचे नाव नाही त्यांना मोजावी लागते.