पाणी परत देताना

रात्रीचे पावणेतीन वाजले होते. बावीस वर्षांची पहिलटकरीण, दिवस पूर्ण भरलेले, सात सेंटिमीटरपर्यंत आलेली. पाणमोट दुपारीच फुटली होती आणि आता पॅडवर जेमतेम ओलसर डाग उमटत होता. मॉनिटरच्या कागदावर प्रत्येक कळेबरोबर बाळाचे ठोके १४० वरून ८० वर कोसळत, कळ ओसरली की पुन्हा वर येत. सिस्टरनी तिला डाव्या कुशीवर वळवले, ऑक्सिटोसिनची ड्रिप बंद केली, साधे सलाइन जोरात सोडले. मी तपासून पाहिले. नाळ खाली आलेली नव्हती. ठोके तरी तसेच. सीझरची तयारी सुरू झाली, पण भूलतज्ज्ञ शेजारच्या गावातून यायचे होते आणि रस्ता चाळीस मिनिटांचा. तेव्हा आमच्या मॅडमनी नवजात कक्षातून आठ नंबरची फीडिंग ट्यूब मागवली. बाळाच्या डोक्याच्या कडेने ती हलकेच आत सरकवली, तिला नॉर्मल सलाइनचा सेट जोडला आणि बाटली स्टँडवर चढवली. तीनशे मिली आत गेले असेल-नसेल, तोच कागदावरच्या दऱ्या उथळ होऊ लागल्या. भूलतज्ज्ञ पोचले तेव्हा पिशवीचे तोंड जवळजवळ पूर्ण उघडले होते. पहाटे पाचला बाळ खालून झाले. मानेभोवती नाळेचे दोन वेढे होते, आणि रडणे असे दणदणीत की बाहेरच्या बाकावर बसलेली आजी उठून उभी राहिली.

मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर होते. त्या रात्री जे पाहिले त्याला अ‍ॅम्निओइन्फ्यूजन म्हणतात, हे पुस्तकात वाचलेले होते. हाताने होताना प्रथमच पाहिले. पुढच्या वर्षांत मात्र उलट अनुभव जास्त आला. तोच कागद, तेच कोरडे पॅड, आणि ट्यूबचे नावही न निघता थेट थिएटर. एकदा तर एका मोठ्या रुग्णालयात मी सुचवले तेव्हा, ‘ते आता कोणी करत नाही,’ एवढेच उत्तर मिळाले. या अंकाचे संपादकीय त्या वाक्याला उत्तर म्हणून लिहीत आहे.

गर्भजल बाळाभोवतीची गादी आहे, हे आपण गर्भवतीला समजावून सांगतोच. त्या गादीचे सर्वांत नाजूक काम नाळेसाठी असते. चौतीस ते छत्तीस आठवड्यांच्या सुमारास पाणी साधारण ८०० मिलीपर्यंत असते, चाळिसाव्या आठवड्यापर्यंत ते बरेच उतरते. त्यात पाणमोट फुटली की उरलेसुरलेही वाहून जाते. मग कळ आली की पिशवीची भिंत आणि बाळाचे अंग यांच्यामध्ये नाळ सापडते. नाळेची शीर मऊ, ती आधी दबते. बाळाकडे येणारे रक्त कमी होते आणि ठोके क्षणभर वाढतात. मग दोन्ही रोहिण्या दबतात, बाळाचा रक्तदाब चढतो आणि ठोके एकदम खाली येतात. कागदावर दरीच्या आधी आणि नंतर जी छोटी टेकाडे दिसतात, ती याच क्रमाची खूण. अशी एखादी दरी बाळाला सोसते. पण वीस मिनिटांतल्या निम्म्याहून अधिक कळांना ती येऊ लागली, खोल आणि रुंद होत गेली, तर दोन कळांमधल्या विश्रांतीत बाळाला सावरायला वेळ पुरत नाही आणि रक्तातले आम्ल वाढत जाते.

पाणी गेल्याने हे होते आणि पाणी परत दिल्याने थांबते, हे प्रथम माकडांवर दिसले. स्टीव्हन गॅबे आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ऱ्हीसस माकडांच्या गर्भाशयातले पाणी काढले तेव्हा ठोके असेच घसरले. पाणी पुन्हा भरले तेव्हा ते सुधारले. १९८३ मध्ये मियाझाकी आणि टेलर यांनी प्रसूतिकळांत असलेल्या स्त्रियांमध्ये सलाइन वापरून पाहिले. १९८५ मध्ये मियाझाकी आणि नेव्हारेझ यांनी ९६ स्त्रियांची तुलना प्रसिद्ध केली: कूस बदलून, ऑक्सिजन देऊनही ज्यांच्या बाळांचे ठोके सुधारले नव्हते, त्यांपैकी सलाइन दिलेल्या गटात निम्म्या जणींमध्ये दऱ्या नाहीशा झाल्या, न दिलेल्या गटात शंभरात चार जणींमध्ये. पुढे अनेक लहान चाचण्या झाल्या. नाळ दबल्याच्या संशयासाठी केलेल्या १९ चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २०१२ चा आहे. त्यात सिझेरियनचे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त घटलेले दिसते. त्याच आढाव्याने हेही सांगितले आहे की या चाचण्या लहान आहेत आणि आईला होऊ शकणारा क्वचितचा पण गंभीर धोका त्यांतून कळणार नाही. त्या आढाव्याच्या आधीच, २०१० मध्ये, अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने वारंवार येणाऱ्या अशा दऱ्यांसाठी (व्हेरिएबल डिसेलरेशन) हा उपाय विचारात घ्यावा असे म्हटले.

मग ‘आता कोणी करत नाही’ हे कुठून आले? ते आले मेकोनियमच्या गोष्टीतून, आणि तिथे आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र करून टाकले.

नव्वदच्या दशकात बाळाने पोटात शी केली आणि पाणी दाट हिरवे आले की ते पातळ करण्यासाठी सलाइन सोडण्याची रीत पसरली. उद्देश असा की बाळाच्या फुप्फुसात घट्ट मेकोनियम जाऊ नये. २००५ मध्ये विल्यम फ्रेझर आणि सहकाऱ्यांची मोठी चाचणी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली: १३ देश, १,९९८ स्त्रिया. दाट मेकोनियम असलेल्यांना सलाइन देऊन ना मेकोनियम अ‍ॅस्पिरेशन कमी झाले, ना मृत्यू, ना सिझेरियन. पुढच्याच वर्षी अमेरिकेत केवळ मेकोनियमसाठी हा उपाय सरसकट करू नये असा सल्ला निघाला. तो योग्यच होता. पण आपल्याकडे तो ‘अ‍ॅम्निओइन्फ्यूजन निकामी ठरले’ असा पोचला आणि ट्रेमधून ट्यूबच गेली. फ्रेझर यांची चाचणी मेकोनियम पातळ करण्याविषयी होती. दबलेल्या नाळेला सोडवण्याचा पुरावा तिने पुसला नाही.

मेकोनियमबाबतही एक गोष्ट आपल्या कामाची आहे. १९९८ मध्ये झिंबाब्वेतून, सतत चालणारा इलेक्ट्रॉनिक मॉनिटर नसलेल्या प्रसूतिगृहातून आलेल्या चाचणीत मेकोनियम अ‍ॅस्पिरेशनचे प्रमाण १२.८ टक्क्यांवरून ३.१ टक्क्यांवर आले होते. दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातून २००२ मध्ये आलेल्या २०० स्त्रियांच्या चाचणीचा निष्कर्षही याच दिशेचा होता. कॉक्रेनने हे सगळे एकत्र केले तेव्हा फायदा दिसला तो देखरेख तोकडी असलेल्या ठिकाणी. चांगली देखरेख असलेल्या ठिकाणी तो दिसला नाही. माझा समज असा की तिथे सलाइनने बहुधा नाळेलाच मोकळे केले, आणि जी गुदमर कोणाच्या लक्षात आली नसती ती टळली. आपली ग्रामीण रुग्णालये, जिथे दर पंधरा मिनिटांनी डॉप्लर लावणे हीच देखरेख, कोणत्या गटात बसतात हे सांगायला नको. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की जिथे सीझरची सोय नाही तिथे दाट हिरवे पाणी आले की आधी १०८ ला फोन करावा. ट्यूब घालण्यात रुग्णवाहिकेची वीस मिनिटे जाऊ देऊ नयेत.

आता हाताच्या कामाकडे येते, कारण खरी अडचण तिथेच असते. परदेशी पुस्तकांत गर्भाशयातला दाब मोजणारे कॅथेटर लिहिलेले असते. ते आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी मिळते. आठ किंवा दहा नंबरची इन्फन्ट फीडिंग ट्यूब पुरते. पाणमोट फुटलेली हवी, डोके खाली बसलेले हवे, आणि ट्यूब घालण्याआधी नाळ खाली आलेली नाही हे बोटांनी नक्की करायला हवे. निर्जंतुक हातमोजे, दोन बोटांच्या आधाराने ट्यूब डोक्याच्या कडेने वर. अडली तर जोर करायचा नाही, बाजू बदलायची. रक्त आले तर तिथेच थांबायचे. नॉर्मल सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट चालते. बाटली खोलीच्या तापमानाची पुरे. मुद्दाम गरम करून फायदा झाल्याचे दिसलेले नाही, फ्रिजमधली मात्र कधीच लावू नये. पहिले २५० ते ५०० मिली वीस ते तीस मिनिटांत, त्यानंतर गरज असेल तर मिनिटाला दोन-तीन मिली. ८०० मिली ते एक लिटर जाऊनही ठोके सुधारले नाहीत तर हा उपाय या बाळासाठी नाही असे समजून पुढचा निर्णय घ्यायचा.

या सगळ्यात एका गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, ती म्हणजे पॅड. आत गेलेले पाणी बाहेर येत आहे का, हे कोणीतरी पाहिले पाहिजे. डोके घट्ट बसलेले असेल तर पाणी आत साठते, पिशवी ताणते, आणि दोन कळांमध्ये ती सैल पडत नाही. दाबाचे कॅथेटर नसते तेव्हा सिस्टरचा पोटावरचा हातच दाब मोजतो. २५०-३०० मिली गेले आणि पॅड कोरडेच, किंवा कळ ओसरूनही पोट कडक, तर सलाइन बंद. मला विचाराल तर या प्रक्रियेची सुरक्षितता डॉक्टरपेक्षा त्या सिस्टरच्या हाती अधिक असते. तिला आधी समजावून न सांगता बाटली लावणे बरोबर नाही. बाईलाही सांगितले पाहिजे. ‘बाळाभोवतीचे पाणी संपले आहे, ते थोडे परत देतो आहोत, खाली ओले वाटेल, घाबरू नका,’ एवढी चार वाक्ये बोलायला अर्धा मिनिट लागतो आणि तिचे अंग सैल पडते.

कुणाला देऊ नये, याची जाण देण्याच्या कौशल्याइतकीच हवी. खालून रक्त जात असेल, वार खाली असेल, ताप आणि दुर्गंधीयुक्त पाणी असेल, बाळ आडवे असेल, तर विचारही नको. आईला एचआयव्ही किंवा जननेंद्रियाच्या हर्पिसचा संसर्ग असेल तर नको. आधीच्या सीझरचा व्रण असेल तर फार सावध. आणि कागदावर ठोक्यांची चढउतारच सपाट झाली असेल, दऱ्या कळेनंतर उशिरा येत असतील, तर बाळ सलाइनची वाट पाहू शकत नाही. तिथे बाटली लावणे म्हणजे वेळ घालवणे.

आणखी एक गल्लत रोज होते. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पाणी कमी’ लिहिलेले दिसले की नातेवाईक घाबरतात, आणि अनेकदा आपणही. चार कप्प्यांची बेरीज पाच सेंटिमीटरच्या आत आली म्हणून लगेच कळा आणण्याचा किंवा सीझरचा निर्णय होतो. सर्वांत खोल एकच कप्पा मोजला आणि तो दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तरच पाणी कमी मानले, तर बाळाचे नुकसान न होता अनावश्यक हस्तक्षेप कमी होतात, असे चाचण्यांनी दाखवले आहे. मे महिन्यात दुपारी एस.टी.ने प्रवास करून, उपाशी, पाणी न पिता आलेल्या बाईचा आकडा मी तिला दोन लिटर पाणी पाजून दोन-तीन तासांनी पुन्हा मोजते. बऱ्याचदा तो बदललेला असतो. आणि कळा सुरू झाल्यावर ठोके चांगले असतील, तर केवळ पाणी कमी म्हणून आधीच सलाइन भरून ठेवण्याने फायदा दिसलेला नाही. दऱ्या दिसल्या की द्यावे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २५.४ टक्के झाले. त्यांतली किती शस्त्रक्रिया अटळ होत्या, याचा हिशेब या आकड्यात नाही. पण पहिलटकरणीच्या पोटावरचा पहिला व्रण तिच्या पुढच्या प्रत्येक बाळंतपणात सोबत येतो. वार व्रणात रुतलेल्या बाईचा रक्तस्राव थांबवण्यासाठी ज्यांनी रात्र काढली आहे, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. भूलतज्ज्ञ वाटेवर असताना एक ट्यूब आणि एक बाटली बाळाला ती चाळीस मिनिटे मिळवून देऊ शकते. कधी कधी शस्त्रक्रियाच टळते.

म्हणून या महिन्यात वाचकांकडे एक मागणे आहे. तुमच्या लेबर रूमच्या आपत्कालीन ट्रेमध्ये दोन फीडिंग ट्यूब, एक सेट आणि निर्जंतुक हातमोज्यांची जोडी वेगळी ठेवा, झाकणावर नाव लिहा. रात्रपाळीच्या सिस्टरना एकदा हाताने करून दाखवा. जिथे कराल तिथे किती वाजता सुरू केले, किती मिली गेले, किती परत आले, ठोके कधी सुधारले आणि बाळ कसे झाले हे केसपेपरवर लिहा, आणि रुग्णाचे नाव वगळून ती नोंद आमच्याकडे पाठवा. जिथे उपयोग झाला नाही ती नोंद आधी पाठवा.