चण लहान, मान मोठा

गिरिराज जातीची अंडी गावरान कोंबडीखाली रवणीला घातली की एकविसाव्या दिवशी पिल्ले फुटतात आणि परसात गंमत सुरू होते. दीड-दोन महिन्यांत ही पिल्ले अंगाने अशी भरतात की आईच्या पंखाखाली नुसती डोकी मावतात, बाकीचा सगळा ऐवज उघड्यावर. तरी आकाशात घार फिरताना दिसली की आई घशातून इशारा देते आणि ही धटिंगण पोरे तिच्या पोटाखाली घुसून तिलाच जमिनीवरून उचलतात. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाचे गिरिराज काय किंवा हैदराबादच्या संशोधन केंद्राचे वनराज काय, अंड्यांना चांगले, पण खुडूक होणे जवळजवळ विसरलेले. म्हणून त्या परसात एखादी गावरान लागतेच. लहान-मोठ्या कोंबड्या एकत्र नांदवणे ही काही विलायती हौस नव्हे.

हौशी मंडळींच्या परसात मात्र हा फरक फारच ताणला जातो. तिथे ब्रह्मा असतो. या जातीच्या मूळ वाणात चितगावकडच्या कोंबड्यांचे रक्त आहे असे मानतात आणि नावही ब्रह्मपुत्रेवरून आले. नर साडेपाच किलोच्या आसपास, मादी चार किलोच्या वर. त्याच अंगणात बँटम म्हणजे बुटक्या जातीची कोंबडी फिरते. सेब्राइट घ्या. इंग्लंडमधल्या सर जॉन सेब्राइट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्षानुवर्षे निवड करून ही जात घडवली. प्रत्येक पिसाला काळी किनार, आणि नराची पिसेही मादीसारखीच. मादीचे वजन अर्ध्या किलोहून थोडेसे जास्त. ब्रह्माचा एक नर म्हणजे अशा नऊ-दहा माद्या.

पण यात विक्षिप्त कोण, लहान की मोठी? लाल रानकोंबडा, ज्याच्यापासून सगळ्या पाळीव कोंबड्या आल्या, तो जेमतेम किलोभराचा असतो आणि त्याची मादी त्याहून हलकी. मापाने बँटम त्याच्याच जवळची आहे. फुगवलेली आहे ती ब्रह्मा.

वजनात एवढी तफावत म्हटल्यावर मोठ्या कोंबड्या लहानांना जगू देणार नाहीत असे वाटते. खुराड्याचे राजकारण तसे चालत नाही. थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे हा नॉर्वेजियन संशोधक लहानपणापासून कोंबड्यांकडे टक लावून बसायचा आणि कोणी कोणाला चोच मारली याच्या नोंदी ठेवायचा. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने जे छापले, त्यातून कळपातली मानाची उतरंड जगाला कळली. प्रत्येक कोंबडी बाकीच्यांना चेहऱ्याने ओळखते. कोणापुढे मान झुकवायची आणि कोणाला दाण्यावरून हुसकायचे, हे एकदा ठरले की रोज नव्याने भांडावे लागत नाही. हे ठरते वय, तुरा, आधीपासूनची वस्ती आणि अंगातली खुमखुमी यांवर. वजन त्यातला एक मुद्दा, तोही निर्णायक नाही. त्यामुळे दोन वर्षांची मुरलेली बँटम, नुकत्याच आणलेल्या तिप्पट वजनाच्या तलंगांना कणीच्या ताटलीपासून लांब उभे करते, आणि त्या बिचाऱ्या उभ्या राहतातही!

गोत्यात येते ती सिल्की. डोक्यावर मऊ पिसांचा झुबका, त्यामुळे बाजूने येणारी चोच तिला दिसत नाही. इतरांना तो झुबका उपटायला फार आवडतो. डोळ्यांवरची पिसे कातरली तर तिची अर्धी भीती जाते. चोचीने रक्त निघाले तर मात्र जखमी कोंबडी ताबडतोब वेगळी काढावी लागते, कारण लाल ठिपका दिसला की एरवी गरीब वाटणाऱ्या कोंबड्याही तिथेच टोचत राहतात.

खरी अडचण नराची. चार-पाच किलोचा नर अर्ध्या किलोच्या मादीवर चढला तर तिची पाठ सोलते. पायामागच्या काट्याने कुशीला खोल जखमही होते. इथे तडजोड नको, मोठा नर आणि बुटक्या माद्या यांच्यामध्ये जाळी हवीच. उलटी जोडी चालते. बँटम नर मोठ्या माद्यांमागे पंख पसरून घिरट्या घालतो, त्याला बहुतेकदा काही जमत नाही आणि कोणाला इजाही होत नाही. त्याचा तोरा मात्र बघण्यासारखा. मुष्टियुद्धातल्या साडेत्रेपन्न किलोंच्या गटाला बँटमवेट हे नाव उगाच पडलेले नाही.

नवी कोंबडी आणली तर आठ-पंधरा दिवस जाळीपलीकडे ठेवतात, म्हणजे तोंडओळख होते आणि रोगबिग असेल तर तोही कळतो. एकटीला सोडण्यापेक्षा दोघींना सोडावे, मारही वाटला जातो. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी. एका कोपऱ्यात पालथी पेटी, तिला वीतभर भोक: बँटम आत शिरेल, ब्रह्मा अडकेल. रात्री बसायच्या काठ्यांचीही हीच गोष्ट. बँटम भुर्रकन उडून सर्वांत वरच्या काठीवर जाते. जड कोंबडीला काठी गुडघ्याखाली हवी, कारण उंचावरून उडी मारून तिचे तळवे दुखावतात, सुजतात.

लसीकरणात लहान-मोठे नाही. मानमोडीची लस सगळ्यांनाच. सेब्राइट आणि सिल्की मारेक या रोगाला लवकर बळी पडतात, म्हणून ती पिल्ले घेताना लस टोचलेली आहे का, हे विचारून घेतलेले बरे.

अंड्यांचा हिशेब मात्र तोट्याचा. बँटमचे अंडे तीस-पस्तीस ग्रॅमचे, आमलेटला दोन फोडावी लागतात. पण तिची खरी किंमत खुडूक झाल्यावर कळते. इंग्लंडमधले शिकारखान्याचे राखणदार फेझंट पक्ष्याची अंडी उबवायला बँटम आणि सिल्कीच्या संकरातल्या कोंबड्या मुद्दाम पाळत. मोठ्या कोंबडीची चार-पाच अंडी तिच्या पोटाखाली झाकली जातात. त्याहून जास्त घातली तर कडेची थंड पडतात, आणि बँटम अंडी सारखी हलवत असल्याने आज कडेला असलेले उद्या मध्ये आणि मधले कडेला, असे करत सगळीच बिघडतात. तिची स्वतःची अंडी सोबत ठेवायची असतील तर आणखी एक पेच आहे. बँटमची पिल्ले बऱ्याचदा एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच फुटतात. पहिली पिल्ले चिवचिवू लागली की आई त्यांना घेऊन डालग्याबाहेर पडते आणि मागे राहिलेली अंडी गार होतात. म्हणून जाणती माणसे मोठी अंडी एक दिवस आधी रवणीला घालतात, लहान दुसऱ्या दिवशी.