शर्विलकाचे भाऊबंद

चोरांच्या गोष्टी वाचल्या की माणूस बिघडतो, असं म्हणणाऱ्यांशी माझं कधी पटलेलं नाही. या आठवड्यातही पटलं नाही. ओळखीच्या एका गृहस्थांनी माझ्या हातातल्या पुस्तकाचं मलपृष्ठ वाचलं आणि म्हणाले, "ताई, चोर, आणि वर जादू! मुलांनी काय घ्यायचं यातून?" तेव्हा बस आली म्हणून उत्तर राहून गेलं. ते आज देते.

पुस्तक स्कॉट लिंचचं, 'द लाइज ऑफ लॉक लमोरा'. 2006 सालची ही कादंबरी, पुढे तिचे आणखी दोन भाग आले. कॅमोर हे कालव्यांचं, व्हेनिसच्या वळणाचं काल्पनिक शहर. तिथल्या चोरांचा म्होरक्या बार्सावी आणि सत्ताधारी यांच्यात गुपचूप तह झालाय. उमरावांना आणि शिपायांना चोरांनी हात लावायचा नाही, बाकी शहर त्यांना मोकळं. लॉक आणि त्याचे सोबती नेमके उमरावांनाच लुटतात.

पण कसे, ते बघा. गल्लीत दोघं दांडगे एका परदेशी व्यापाऱ्याचा गळा आवळतायत. तिथून जाणारा साल्व्हारा नावाचा उमराव त्याला सोडवतो. व्यापारी म्हणजे लॉक आणि दांडगे त्याचेच साथीदार. आपण ज्याला वाचवलं, त्याच्यावर आपला जीव जडतोच. मग व्यापारी हळूच विषय काढतो. त्याच्या देशात यादवी पेटणार आहे, त्याआधी मौल्यवान ब्रँडीचा साठा बाहेर काढायचाय, भांडवल हवंय. इथवर कुणालाही सुचेल. पण मग एका रात्री साल्व्हाराच्या घरात गुप्त पोलीस उगवतात आणि सांगतात, तो व्यापारी भामटा आहे, पण तुम्ही पैसे देत राहा, म्हणजे आम्हाला त्याला पकडता येईल. हा गुप्त पोलीसही लॉकच! समोरचा भामटा आहे हे पक्कं ठाऊक असताना, कर्तव्य म्हणून साल्व्हारा तिजोरी उघडतो. या जागी मी पुस्तक खाली ठेवलं आणि मनातल्या मनात लेखकाला नमस्कार केला.

आता मुलांनी काय घ्यायचं, ते. 'डिजिटल अरेस्ट'च्या बातम्या आपण सगळेच वाचतो. फोनवर खोटा पोलीस येतो, चौकशीच्या नावाखाली पैसे वळते करायला लावतो आणि चांगली शिकलेली माणसं ते करतात. साल्व्हाराचं प्रकरण ज्याने वाचलंय, त्याच्या डोक्यात फोन येताच घंटा वाजेल. फसवणूक लोभावर चालते, तशी ती भीतीवर आणि कर्तव्यबुद्धीवरही चालते, हे या कादंबरीइतकं स्पष्ट मला दुसऱ्या कुणी दाखवलेलं नाही.

दुसरं म्हणजे, ही मंडळी लुटीचं काहीच करत नाहीत. नाणी देवळाखालच्या तळघरात नुसती पडून असतात. त्यांचा गुरू चेन्स आंधळ्या पुजाऱ्याचं सोंग घेऊन देवळाच्या पायऱ्यांवर बसतो आणि आत पोरांना स्वयंपाक, रीतभात, भाषा, हिशेब शिकवतो. त्यांना गोडी आहे ती काम नेटकं करण्याची. चोरांना तिथे आपला एक देवही आहे, तेरावा.

आणि इथेच मला आपला शर्विलक आठवला. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकाचा तिसरा अंक. शर्विलक ब्राह्मण आहे, गणिका वसंतसेनेच्या दासीला, मदनिकेला, सोडवण्यासाठी पैसा हवा म्हणून नाटकाचा नायक चारुदत्त याचं घर फोडायला आलाय. तो आधी चोरांच्या देवाला, कार्तिकेयाला, वंदन करतो. मग भिंतीला भोक कोणत्या आकाराचं पाडावं याचा विचार करतो. उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक की पूर्णकुंभ? विटा भाजलेल्या आहेत, म्हणजे पूर्णकुंभच शोभेल! मापाची दोरी विसरलीय, तर गळ्यातलं जानवं काढून तो माप घेतो.  आत गेल्यावर बघतो तर मृदंग, वीणा, बासऱ्या आणि पोथ्या. हे गरिबाचं घर, असं म्हणून तो निघणार, तेवढ्यात चारुदत्ताचा मित्र मैत्रेय झोपेत बरळत दागिन्यांची पेटी पुढे करतो. शर्विलक किडा सोडून दिवा विझवतो आणि मैत्रेय ती स्वतःच त्याच्या हाती देतो.

याहून सुंदर पुढे आहे. चारुदत्त जागा होतो, भिंतीतलं ते भोक पाहतो आणि त्याच्या घडणीचं कौतुक करतो. चोर रिकाम्या हाताने गेला नाही, याचं त्याला समाधान वाटतं. ज्याचं घर फुटलं तोच कारागिरीला दाद देतो, इतकं मोठं मन या नाटकाने आपल्यापुढे ठेवलंय. नाटककार देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणलं आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी डोक्यावर घेतलं. तेव्हा कुणी बिघडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

म्हणून मुलांच्या हातातून चोरांच्या गोष्टी काढून घेऊ नका. मोठी मुलं असतील तर लॉक द्या, त्यात रक्तपात आणि शिवीगाळ आहे, म्हणून आधी स्वतः वाचा. आणि लहान असतील, तर 'मृच्छकटिका'चा तिसरा अंक मराठीत मिळवून या सुट्टीत त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.